ओढ्यावरचं मातीचं धरण : बांधणाऱ्यांचं आणि राखणाऱ्यांचं

धरण म्हटलं की आपल्याला कोयना, उजनी, जायकवाडी आठवतात. आज ऐकूया ओढ्यावरच्या लहान मातीच्या धरणांचा इतिहास. पाणी साठवण्यापेक्षा पूर अडवण्यासाठी बांधलेली ही धरणं. ती मोठ्या संख्येनं उभी राहिली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात. गोष्ट दूरची असली तरी तिचा धडा आपल्या शिवाराला लागू पडतो.

ओक्लाहोमातून वाशिटा नावाची नदी वाहते. तिच्या काठचे गवताळ माळ नांगरून लोकांनी गहू आणि कापूस लावला. गवताची मुळं गेली आणि माती उघडी पडली. १९३० नंतर दुष्काळ आला, तेव्हा तीच माती वाऱ्यानं उडाली. आणि पाऊस आला की पाणी न मुरता ओढ्यांतून धावत सुटायचं. एप्रिल १९३४ मध्ये वाशिटाला अचानक पूर आला आणि हॅमन गावाजवळ १७ माणसं बुडाली.

त्यानंतर वाद सुरू झाला. काही जण म्हणाले, मोठ्या नदीवर मोठं धरण बांधा. दुसरे म्हणाले, पाणी नदीत येईपर्यंत थांबता कशाला? ते जिथं पडतं तिथंच अडवा. शेतात बांधबंदिस्ती करा, माळावर गवत लावा आणि प्रत्येक ओढ्यावर लहान धरण घाला. १९४४ च्या कायद्यानं अशा कामासाठी ११ पाणलोट निवडले. त्यात वाशिटाही होती. जुलै १९४८ मध्ये कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावर पहिलं धरण पुरं झालं. पुढे सँडस्टोन क्रीक या एकाच ओढ्याच्या पाणलोटात २४ धरणं झाली. आज एकट्या ओक्लाहोमात अशी २,१०७ धरणं आहेत आणि साऱ्या अमेरिकेत अकरा हजारांहून जास्त.

या धरणाची रचना साधी आहे. ओढ्यावर दाबून बसवलेल्या मातीचा भराव असतो आणि त्यावर गवत. आतल्या बाजूला काँक्रीटचा उभा मनोरा, त्याला ठरावीक उंचीवर तोंड आणि तिथून भरावाखालून पलीकडे जाणारा पाइप. त्या तोंडाच्या खाली थोडं पाणी आणि गाळ राहतो. वरची सगळी जागा रिकामी ठेवलेली असते. मोठा पाऊस आला की ती जागा भरते आणि पाइपातून पाणी काही दिवस हळूहळू निघत राहतं. जे पाणी दोन-चार तासांत गावावर आलं असतं, ते आठवडाभर बेतानं वाहतं. त्याहून जास्त पाणी आलं तर कडेच्या गवती सांडव्यातून निघून जातं. भरावावरून मात्र पाणी कधी जाऊ द्यायचं नाही, कारण वरून पाणी गेलं की मातीचं धरण टिकत नाही.

मैत्रिणींनो, आपला पाझर तलाव भरलेला पाहून आपल्याला समाधान वाटतं. पूर अडवणारं धरण रिकामं असेल तरच कामाचं.

१९५४ मध्ये अमेरिकेनं हे काम देशभर नेण्यासाठी कायदा केला. त्यात जबाबदाऱ्या वाटून दिल्या होत्या. आराखडा आणि बांधकामाचा पैसा सरकारचा, शेतकऱ्यांकडून जागेचा हक्क मिळवणं आणि पुढची राखण स्थानिक संस्थेकडे. पण बहुतेक धरणांचं आयुष्य ५० वर्षं धरलेलं होतं. तेवढ्या काळात गाळ साठला, पाइप गंजले. आणि पूर येत नाही म्हणून खालच्या अंगाला लोकांनी घरं बांधली. शेत वाचवायला बांधलेल्या धरणाखाली आता माणसं राहू लागली. शेवटी २००० साली दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करावा लागला. बांधायला पैसा मिळाला होता, राखायला मिळवावा लागला.

आता आपल्याकडे या. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्यांनी डोक्यावर पाट्या वाहून किती पाझर तलाव आणि बंधारे उभे केले! खडी फोडली, माती टाकली. त्या भरावांत त्यांचा घाम आहे. पण ते भराव आज कोण बघतं?

२ जुलै २०१९ ची रात्र आठवा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचंच धरण, पाटबंधाऱ्यासाठी बांधलेलं. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. नंतर मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. खेकडे बिळं करतात हे खरं. पण बीळ वेळेवर बुजवणं हे माणसाचं काम आहे.

मातीचं धरण फुटण्याआधी पुष्कळदा खुणा दाखवतं. त्या ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पायथ्याशी पाणी झिरपत असेल तर त्याचा रंग बघा. झिरपणं वाढलं किंवा पाणी गढूळ झालं, तर भरावातली माती वाहून चालली आहे असं समजा. माथ्यावर लांब भेग पडली का, भराव कुठं खचला का, उंदराखेकड्यांची बिळं आहेत का, हेही बघा. भरावावर मोठं झाड असेल तर ते धोक्याचं, कारण मूळ कुजलं की पाण्याला वाट मिळते. आणि सांडव्यात झुडपं, कचरा किंवा कुणाचं अतिक्रमण तर नाही ना, ते आधी पाहा.

सरपण आणायला, गुरं चारायला, धुणं धुवायला बायाच त्या बाजूला जातात. बदल सगळ्यात आधी त्यांच्याच नजरेला पडतो. म्हणून बचत गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. मृगाच्या आधी एकदा आणि मोठ्या पावसानंतर दर वेळी चौघीजणींनी मिळून बांधावर चक्कर मारा. मात्र पाऊस जोरात असताना किंवा गळती वाढलेली असताना बांधावर जाऊ नका. खालच्या वस्तीला सावध करा आणि तहसील कचेरीला कळवा. एरवी जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा, फोटो काढा, ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी तक्रार विसरली जाते, पोच मात्र हातात राहते.

आपल्या आज्यांनी हे बांध बांधले. त्यांची राखण आता आपल्याकडे आली आहे.