कोठडीची झडती आणि कैद्याचे कागद

या व्याख्यानमालेत शिवनेरीवर बोलावे, नाणेघाटातल्या लेखांवर बोलावे, जुन्नरच्या लेण्यांवर बोलावे अशी आपली रीत आहे. तुरुंगातल्या कैद्याच्या गाठोड्यावर व्याख्यान ठेवलेले पाहून काही मंडळींनी आम्हांला रस्त्यातच हटकले. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले, आणि जे काही वाचले ते रात्री व प्रवासात वाचले. पण जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या कोर्टातून न्यायालयीन कोठडी मिळालेला माणूस येरवड्याला जातो, आणि त्याच्या घरचे लोक नव्वद-शंभर किलोमीटरचा एस.टी.चा प्रवास करून मुलाखतीला जातात, हे आपल्या तालुक्यांत घडत असते. तेव्हा हा विषय फार लांबचा मानण्याचे कारण नाही.

कैद्याच्या गाठोड्यात असते तरी काय? अंगावरच्या कपड्यांखेरीज एखादा जोड, चादर, चष्मा, गोळ्या, घरची पत्रे, कुणाजवळ ज्ञानेश्वरी किंवा हरिपाठ. आणि एक पिशवी. तिच्यात दोषारोपपत्राची नक्कल, जामिनाच्या अर्जाची प्रत, वकिलाची चिठ्ठी, साक्षीदार काय बोलला याचे स्वतः केलेले टिपण. ज्याला मोठा वकील परवडत नाही, त्याचा निम्मा बचाव त्या पिशवीत असतो. झडतीच्या वेळी कोठडीतले सगळे सामान बाहेर फेकले जाते तेव्हा ही पिशवीही त्यात जाते. तिच्यावर कैद्याचा हक्क किती, आणि तो हक्क कुठून आला, एवढाच आजचा प्रश्न.

कागदाची भीती आपल्या मुलखाला जुनी आहे. आंबेगावच्या पश्चिमेकडील जांभोरी गावचा होन्या हा महादेव कोळी १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध उठला. सरकारने त्याच्यावर हजार रुपयांचे बक्षीस लावले. १८७६ साली मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने त्याला पकडले. मधल्या काळात, १८७५ च्या मे महिन्यात, सुप्याला आणि नंतर शिरूरच्या बाजूला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली. त्यांना हवे होते ते खतपत्र, कर्जरोखे. ते हाती आले की लोक जाळीत. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही ठाऊक होते की आपली जमीन त्या कागदात अडकली आहे. कागद ज्याच्या हाती त्याचे राज्य, हे तेव्हाच्या कुणब्याला आणि कोळ्याला कुणी शिकवावे लागले नाही.

याच मेजर डॅनियलने पुढे २० जुलै १८७९ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या देवर नावदगी येथे वासुदेव बळवंत फडक्यांना पकडले. फडक्यांजवळ त्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र सापडले. पुण्याच्या खटल्यात त्यांच्याच हस्ताक्षरातले हे लेखन त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले आणि त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एडनच्या तुरुंगात १८८३ साली ते वारले. आता यातली गंमत, गंमत म्हणवत नाही पण म्हणतो, अशी की सरकारने ते कागद जप्त करून दप्तरी ठेवले म्हणूनच फडक्यांच्या मनातले आज आपल्याला वाचावयास मिळते. होन्याने काही लिहिले नाही, त्यामुळे त्याची बाजू त्याला पकडणाऱ्यांच्या अहवालातूनच चाळून काढावी लागते. तरीही जप्तीची तरफदारी आम्ही करणार नाही. कागद टिकला हा योगायोग. टिकवणे हा तिथे हेतू नव्हता.

१८९४ साली तुरुंगांचा कायदा झाला. तो इंग्रजांनी इंग्रजांच्या सोयीसाठी केला, पण पुढे शतकाहून अधिक काळ आपल्या तुरुंगांचा कारभार त्याच चौकटीत चालला. त्याची काही कलमे पाहा. बाराव्या कलमात अधीक्षकाने कोणत्या वह्या ठेवावयाच्या ते सांगितले आहे, आणि कैद्यांकडून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद ही त्यांतली एक. चोविसाव्या कलमात तुरुंगात येताना झडती, आणि हत्यारे व मनाई असलेल्या वस्तू काढून घेणे. पंचविसाव्यात उरलेले पैसे व वस्तू जेलरच्या ताब्यात. चाळिसाव्यात कच्च्या कैद्याला आपल्या वकिलाशी, न्यायाच्या हिताला बाध येणार नाही अशा बेताने, तिसऱ्या माणसावाचून भेटण्याची मुभा.

एवढे वाचले की वाटते, बरे आहे. पण नीट पाहिले तर दोन ठिकाणी भगदाड आहे. या कलमांनी नोंद ठेवावयास सांगितली, कैद्याच्या हाती पावती द्यावयास सांगितले नाही. याउलट पोलिसांनी पकडलेल्या माणसाच्या अंगझडतीत काही घेतले तर त्याला पावती दिलीच पाहिजे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५१ व्या कलमात होते, आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. म्हणजे पोलीस चौकीत जी पावती हक्काची, ती तुरुंगाच्या दारातून आत गेल्यावर मर्जीची झाली. दुसरे भगदाड असे की वकिलाशी बोलणे खाजगी ठरले, पण तेच बोलणे कागदावर उतरले आणि कोठडीत ठेवले तर त्या कागदाचे काय, यावर हा कायदा गप्प आहे. वकिलाच्या तोंडावर १८७२ च्या पुरावा कायद्याने कुलूप घातले होते. अशिलाने विश्वासाने सांगितलेले त्याने फोडावयाचे नाही. कोठडीतल्या पिशवीला मात्र कुलूप नव्हते.

लोकमान्यांची हकीकत सर्वांना माहीत आहे, तरी या अंगाने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. १९०८ साली त्यांच्या घराच्या झडतीत एक कार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. सरकार पक्षाने ते कोर्टापुढे ठेवले. स्फोटकांच्या कायद्यावर टीका करण्यासाठी ती नावे टिपली होती, असे टिळकांनी सांगितले. नावांचे एक टिपण, आणि त्यावरून माणसाचे मन ठरवावयाचे! पुढे मंडालेला १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्य लिहिले. शाई नाही, पेन्सिल; सुटे कागद नाहीत, पाने मोजून आकडे घातलेल्या वह्या. पान फाडून बाहेर जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली तेव्हा वह्या लगेच हाती आल्या नाहीत, मागाहून परत मिळाल्या, आणि १९१५ साली ग्रंथ निघाला. परत मिळाल्या त्या सरकारच्या मर्जीने. मागण्याचा हक्क म्हणून कुठे लिहिलेला नव्हता.

पाने मोजण्याची ही पद्धत पुढेही राहिली. लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली भगतसिंगांना दिलेल्या वहीवर ४०४ पाने असा आकडा घातलेला आहे. त्याच वर्षी त्या तुरुंगात जे उपोषण झाले त्यातल्या मागण्यांत अन्नाबरोबर पुस्तके आणि वर्तमानपत्रे होती. जतीन दास त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबरला गेले. त्याच खटल्यातले राजगुरू आपल्या शेजारच्या खेडचे. पुस्तकासाठी माणसे उपाशी राहिली हे आजच्या तरुणांना अतिशयोक्ती वाटते. ज्याने चार भिंतींत महिने काढले आहेत त्याला वाटत नाही.

आता ज्या खटल्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे येतो. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कामगार चळवळीतले कम्युनिस्ट कार्यकर्ते. भारत संरक्षण नियमांखाली त्यांना मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केले होते. तिथे त्यांनी काय करावे? विज्ञानाचे पुस्तक लिहिले, मराठीत. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. हस्तलिखित पत्नीकडे पाठवावे आणि पुढे ते छापावे, एवढी परवानगी त्यांनी सप्टेंबर १९६४ मध्ये सरकारकडे मागितली. सहा महिन्यांनी, मार्च १९६५ मध्ये, नकार आला. मग ते उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकारने दिल्लीला अपील केले.

सरकारचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पुस्तकात राज्याला धोका पोहोचेल असे काही आहे असे सरकारही म्हणत नव्हते. ते निव्वळ शास्त्रीय होते. म्हणणे असे होते की माणूस स्थानबद्ध झाला की त्याचे स्वातंत्र्य संपते, आणि मग नियमांनी जेवढ्या सवलती दिल्या असतील तेवढ्याच त्याला. १९५१ च्या मुंबईच्या स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत नाही, सबब नाही. शिवाय आणीबाणी पुकारलेली असल्यामुळे मूलभूत हक्कांसाठी कोर्टाचे दार बंद.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर १९६५ रोजी अपील फेटाळले. तारीख ध्यानात घ्या. त्याच दिवशी आपले सैन्य लाहोरच्या रोखाने सरहद्द ओलांडून गेले. देश युद्धात होता आणि दिल्लीत न्यायमूर्ती सुब्बाराव एका स्थानबद्धाच्या वहीबद्दल निकाल देत होते. त्यांनी वाक्य उलटे फिरवले. अटी या सवलतींची यादी नव्हेत, त्या निर्बंधांची यादी आहेत. ज्या गोष्टीला निर्बंध घातलेला नाही ती स्थानबद्धाची राहतेच, आणि कायद्याबाहेर जाऊन ती काढून घेतली तर आणीबाणीची ढालही सरकारच्या कामाची नाही.

कारखान्यात आम्ही हा वाद शेकडो वेळा घातला आहे. मालक म्हणतो, करारात लिहिले नाही म्हणजे कामगाराला मिळणार नाही. आम्ही म्हणतो, मनाई कुठे लिहिली ते दाखवा. म्हणून हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा तो आम्हांला वकिलाच्या मदतीवाचून समजला.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९७४ साली, भुवन मोहन पटनाईक यांचा खटला झाला. विशाखापट्टणच्या तुरुंगातले हे नक्षलवादी कैदी. भिंतीवर विजेची तार लावली म्हणून त्यांची तक्रार होती. तिच्यात त्यांना यश आले नाही. पण निकाल लिहिताना न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी सांगून ठेवले की शिक्षा झाली म्हणून माणसाचे सगळे हक्क जात नाहीत. मालमत्ता मिळवणे, बाळगणे आणि तिची विल्हेवाट लावणे यांच्या आड तुरुंगवास येत नाही. चंद्रचूडांचे घराणे खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, म्हणजे हाही आपल्या शेजारचाच माणूस. पुढे मात्र चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला. तो ३०० अ या कलमात उरला. कायद्याच्या आधारावाचून कुणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही, एवढा. जमीनदारांचा विचार करून केलेल्या या बदलात कैद्याच्या घोंगडीचा विचार कुणी केला असेल असे वाटत नाही. तरी ‘कायद्याच्या आधारावाचून’ हे शब्द घोंगडीलाही लागू आहेत.

वाट सरळ नव्हती. आणीबाणीच्या अखेरीस, १९७७ मध्ये, भानुदास गावडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांच्या अटींबाबतचा मुंबई उच्च न्यायालयाचा उदार निकाल फिरवला. पुढे सुनील बत्रांच्या दोन निकालांनी, १९७८ आणि १९७९ साली, तुरुंगाच्या भिंतीआड घटना पुन्हा नेऊन पोहोचवली.

प्रत्यक्ष झडतीच्या प्रश्नावर बाहेरच्या देशांत दोन टोके दिसतात. अमेरिकेत १९८४ साली पामर नावाच्या कैद्याने तक्रार केली की पहारेकऱ्याने झडतीत मुद्दाम आपले खटल्याचे कागद आणि खाजगी पत्रे नष्ट केली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की कोठडीत कैद्याला खाजगीपणाचा हक्क नाही. नुकसान झाले असेल तर भरपाई मागावी. कागदाची भरपाई किती रुपये, हे त्या पाच जणांनी आम्हांला सांगावे. इंग्लंडात २००१ साली डॅली नावाच्या कैद्याचा खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला. तिथे झडतीच्या वेळी कैद्याला कोठडीबाहेर काढून त्याची वकिलाशी झालेली पत्रे तपासण्याचा सरसकट नियम होता. वाचत नाही, फक्त चाळतो, असे तुरुंगखाते म्हणे. न्यायाधीशांनी तो सरसकट नियम बेकायदा ठरवला. जो कैदी दंगा करतो त्याला बाहेर काढा. गप्प उभ्या राहणाऱ्याला का?

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये मंडेलांच्या नावाने जे नियम स्वीकारले त्यांत ही भगदाडे बुजवलेली आहेत. झडती कुणी घेतली, का घेतली, काय सापडले याची नोंद हवी. आत येताना जमा केलेल्या वस्तूंच्या यादीवर कैद्याची सही हवी. आणि आपल्या खटल्याचे कागद कैद्याला तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी हात न लावता जवळ ठेवता आले पाहिजेत. हे नियम म्हणजे करार नव्हे, त्यामुळे ते कोर्टात कायद्यासारखे चालत नाहीत. पण युक्तिवादात उपयोगी पडतात.

झडतीच नको, असे म्हणणारे आम्ही नव्हे. बराकीत धार लावलेला पत्रा निघतो, गांजा निघतो, मोबाइल निघतो, आणि त्यांचा त्रास आधी दुबळ्या कैद्यालाच होतो. पण पत्रा शोधावयाला कागद भिजवावे लागत नाहीत. आमच्या संघटनेतला आंबेगाव तालुक्यातला एक कामगार संपाच्या एका प्रकरणात काही महिने कच्चा कैदी होता. तारखेच्या चार दिवस आधी बराकीची झडती झाली. सामान अंगणात काढले, वरून पाण्याचा पाइप फुटला होता, आणि त्याची पिशवी त्या चिखलात गेली. साक्षीदारांच्या जबाबांवर त्याने पेन्सिलीने जे खुणा करून ठेवले होते ते सगळे गेले. तुरुंगाचे नाव घेण्यात अर्थ नाही. तक्रार केल्यावर असे काही सामान नोंदीत नाही, असे उत्तर आले. आणि ते खरेच होते. नोंदच नव्हती. दोषारोपपत्राची नक्कल कोर्टातून पुन्हा मिळाली. खुणा पुन्हा मिळाल्या नाहीत, आणि उलटतपासणीत वकिलाला जे दोन विसंगत जबाब दाखवावयाचे होते ते शोधण्यात एक तारीख वाया गेली. ती तारीख त्याने आत काढली.

तेव्हापासून आमच्याकडे कुणी नातेवाईक आला की आम्ही त्याला आधी एक साधी यादी करावयास लावतो. आत किती कागद दिले, कोणत्या तारखेचे, किती पाने. यादीच्या दोन प्रती; एक अधीक्षकांकडे पोच घेऊन द्यावयाची, दुसरी घरी. प्रत्येक कागदाची छायाप्रत बाहेर ठेवावयाची. वकिलाची पत्रे वेगळ्या पाकिटात, वर वकिलाचे नाव ठळक. घोडेगावला कोर्टात जाऊन बसलेल्या एका आजीबाईंनी ही यादी नातीकडून लिहून घेतली, पाने स्वतः मोजली आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा घालावयास लावला. मंडालेच्या वह्यांची हकीकत त्यांनी कधी ऐकली नव्हती.