कोणत्या बोटीने जायचे?



घाटावरच्या माणसाने समुद्रावर व्याख्यान द्यावयास उभे राहावे, हे तुम्हांला थोडे चमत्कारिक वाटेल. कोल्हापूरकराची बोटीशी ओळख सहसा रंकाळ्यातल्या होडीपलीकडे जात नाही. त्यातून मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. फौंड्रीत साचे भरता भरता युनियनच्या कामाला लागलो आणि जे काही वाचले ते करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर बसून. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, त्यात पांडित्य शोधू नका. एक साधा प्रश्न मला विचारण्यात आला, त्याचे उत्तर मला देता आले नाही, आणि ते शोधता शोधता मी इतिहासात शिरलो, एवढीच या व्याख्यानाची हकीकत आहे.

प्रश्न असा. आमच्या पतसंस्थेचा लाभांश आणि दिवाळीचा बोनस मिळून आठ कुटुंबांनी बोटीने सहलीला जाण्याचे ठरविले. एका एजंटाने मुंबई ते गोवा जाणारी बोट सुचविली. दुसऱ्याने सिंगापूरहून सुटणाऱ्या दोन परदेशी कंपन्यांची रंगीत पत्रके दिली. ही तिन्ही पत्रके घेऊन मंडळी माझ्याकडे आली. “आण्णा, तुम्ही एवढं वाचताय, सांगा बघू, कुठल्या बोटीनं जावं? सगळ्या सारख्याच दिसत्यात.”

खरोखरच सारख्या दिसत होत्या. तोच पोहण्याचा हौद, तेच नाचगाणे, तेच चोवीस तास जेवण. फरक काय तो भाड्यात. मी म्हटले, चार दिवस द्या. त्या चार दिवसांत मला माझी आजी आठवली.

माझी आजी मालवणकडची. लग्न होऊन फोंडा घाट चढून वर आली. तिचा भाऊ मुंबईत गिरणीत होता. कोकणातला माणूस मुंबईला जाई तो बोटीने. रस्ते चार महिने चिखलात आणि रेल्वे नाही. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे करीत पणजीला जाई. पुष्कळशा बंदरांत धक्काच नव्हता. बोट दूर उभी राही आणि पडावातून माणसे, वळकट्या, आंब्याच्या करंड्या वर चढवीत. बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगत बसावयाचे. आजी सांगे, भाऊ पत्र घाली, त्यात बोटीचे नाव आणि भाडे दोन्ही लिहिलेले असे; कारण एकाच बंदरातून दोन कंपन्यांच्या बोटी सुटत, आणि कोणत्या बोटीने जायचे हा घराघरातला प्रश्न होता. म्हणजे आमच्या आठ कुटुंबांना पडलेला प्रश्न काही नवा नव्हे.

त्या दोन कंपन्या कोणत्या? एक गोऱ्यांची. तिला कोकणात सगळे शेफर्ड कंपनी म्हणत. पुढे तिचे नाव बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी झाले, पण लोकांच्या तोंडी शेफर्डच राहिले. तिच्या विरोधात स्वदेशीच्या चळवळीतून दुसरी उभी राहिली, इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी. तिला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. आपले पैसे, आपली बोट, आणि बोटींना नावे तुकाराम, रामदास अशी संतांची. गोऱ्या मालकाच्या बोटीवरील अरेरावीला कंटाळलेल्या माणसाला या नावांनी किती धीर वाटला असेल, याची कल्पना करा.

अशी चढाओढ लागली की प्रथम काय होते? भाडे उतरते. याचे सर्वांत बोलके उदाहरण कोकणातले नसून तमिळ मुलुखातले आहे. व. उ. चिदंबरम पिळ्ळे या वकिलाने १९०६ साली तुतिकोरीन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. बोटी मिळविण्याच्या कामी लोकमान्य टिळकांचे साहाय्य झाले. याच १९०६ साली आमच्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. वारा एकच होता. तुतिकोरीन ते कोलंबो या वाटेवर ब्रिटिश इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. स्वदेशी बोट येताच तिने भाडे एक रुपयावर आणले. स्वदेशी कंपनीने आठ आणे केले. तेव्हा ब्रिटिश इंडियाने काय करावे? फुकट नेऊ लागली, आणि वर प्रवाशाला एक छत्री भेट!

मला त्या छत्रीचा फार विचार पडला. ती ज्याने घेतली तो काही देशद्रोही नव्हता. गरीब माणूस. फुकट प्रवास आणि उन्हापावसाला छत्री, कोण नको म्हणेल? परंतु १९११ साली स्वदेशी कंपनीचे दिवाळे वाजले आणि तिची एक बोट त्या प्रतिस्पर्ध्यालाच विकली गेली. चिदंबरम पिळ्ळे त्या वेळी तुरुंगात होते. फेब्रुवारी १९०८ मध्ये त्यांनी तुतिकोरीनच्या कोरल मिलमधील कामगारांच्या संपाचे नेतृत्व केले, मार्चमध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे जन्मठेपेची शिक्षा झाली. बोट चालविणारा आणि संप चालविणारा एकच माणूस होता, हे मी आमच्या मंडळींना मुद्दाम सांगतो.

मालाच्या वाहतुकीतही हीच रीत होती, फक्त छत्रीऐवजी सवलत. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी १९१९ साली सिंदिया कंपनी काढली. त्यांची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौकानयन दिन आहे. परदेशी कंपन्या व्यापाऱ्याला सांगत, काही महिने सगळा माल आमच्याच बोटीने पाठवा, मग भाड्यातला काही हिस्सा परत देऊ. मध्येच एक पेटी जरी दुसऱ्या बोटीवर चढविली, तरी मागची सवलत बुडाली. हा फास १९२८-२९ च्या सुमारास साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयके आणून कायद्याने सोडविण्याचा प्रयत्न केला. आमच्या मंडळींनी आणलेल्या पत्रकांत ‘पुन्हा आलात तर गुण मिळतील, गुणांवर सूट मिळेल’ असे छापलेले होते. ते वाचून मला ही जुनी सवलत आठवली.

येथवर ऐकून तुम्ही म्हणाल, उत्तर सोपे आहे: परक्याची टाळा, आपली निवडा. मीही तेच म्हणणार होतो. पण इतिहास तसे म्हणू देत नाही.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही बोट वादळात नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेच्या वर माणसे गेली. मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी त्यांत होते. चौकशीत आढळले की जीवरक्षक होड्या आणि जाकिटे पुरेशी नव्हती. दिवे होते, होड्या नव्हत्या! ही बोट शेफर्ड कंपनीची.

आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला एक महिना उरला असता, गटारी अमावास्येच्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. पुष्कळसे गिरण्या-कचेऱ्यांतले चाकरमानी, सणाला घरी निघालेले. दुपार उलटली तरी मुंबईला वार्ता नव्हती; पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितली तेव्हा कळली. रेवसकडील कोळ्यांनी आपल्या मचव्यांतून कित्येकांना वाचविले. ही बोट कोणाची? ‘माझी आगबोट कंपनी’ची. तिचीच ‘तुकाराम’ वीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, बुडाली होती.

तेव्हा स्वस्त भाड्याने माणूस वाचत नाही आणि संताच्या नावानेही वाचत नाही. होड्या किती, बिनतारी यंत्र आहे काय, किती माणसे चढविली, खलाशी दमलेला आहे की ताजा, या गोष्टींनी वाचतो. आणि चढाओढीत भाडे उतरते तेव्हा मालक प्रथम याच गोष्टींवर हात मारतो, कारण त्या प्रवाशाला दिसत नाहीत. ही गोष्ट मी मालकांकडे बोट दाखवून सांगतो आहे खरा, पण मीही त्यात आहे. सभेत एस. टी. वाचवा म्हणून भाषण करावे आणि परतताना पाच रुपये वाचवावयास वडापच्या जीपला लोंबकळत घरी यावे, हे मी कितीदा केले आहे.

आता त्या दोन कंपन्यांचे पुढे काय झाले? १९३९ साली सिंदियाने बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच विकत घेतली. पुढे चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आल्या, मग ही वाहतूक सरकारी कंपनीकडे गेली आणि १९८० च्या दशकाअखेरीस बंद पडली. या वाटेवर बोट पुन्हा दिसली ती सहलीसाठी. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’, २०१९ साली ‘कर्णिका’. २०२० च्या साथीत दोन्ही थांबल्या; ‘कर्णिका’ तर अलंगच्या किनाऱ्यावर तोडावयास गेली. २०२१ साली ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ आली. ‘कर्णिका’ काय आणि ‘एम्प्रेस’ काय, दोन्ही १९९० साली परदेशात बांधलेल्या आणि आधी दुसऱ्या नावांनी चाललेल्या बोटी. जुनी बोट वाईट असते असे मी म्हणत नाही. पण पत्रकावरच्या नावामागे काय आहे ते पाहावे, एवढेच.

जगाच्या बाजारातही नावांची हीच गंमत आहे. रॉयल कॅरिबियन १९६८ साली निघाली, कार्निव्हल १९७२ साली. या दोन्ही अमेरिकेतल्या मायामीच्या. दिसावयास आज डझनभर कंपन्या. परंतु प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा आणि जुनी नामांकित क्यूनार्ड या साऱ्या कार्निव्हलच्याच घरच्या. या धंद्यातल्या पुष्कळ बोटींवर निशाण बहामा किंवा पनामाचे. मालक एका देशात, निशाण दुसऱ्या देशाचे, खलाशी तिसऱ्या, म्हणजे पुष्कळदा आपल्या गोव्या-कोकणातले. ज्या देशाचे निशाण त्या देशाचा कायदा, अशी ही युक्ती. हिच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ १९४८ पासून लढतो आहे. २००६ साली दर्यावर्दी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. त्यात विश्रांतीचे किमान तास लिहिले आहेत: आठवड्याला ७७. युनियनवाल्याची खोड म्हणून मी वजाबाकी केली. आठवड्याचे तास १६८. त्यांतून ७७ गेले, उरले ९१. एखाद्या देशाने कायदा करताना एवढीच अट धरली, तर आपल्याला चोवीस तास हसतमुखाने वाढणाऱ्या पोऱ्याकडून ९१ तास काम घेणे कायदेशीर ठरते.

चार दिवसांनी मंडळी आली. मी म्हटले, कोणत्या बोटीने जा हे मी सांगणार नाही. दोन्ही एजंटांना पाच प्रश्न विचारा. निशाण कोणत्या देशाचे? खरा मालक कोण? बोट कोणत्या साली बांधली? खलाशांची युनियन आहे काय, करार आहे काय? आणि बिलात ‘सेवाशुल्क’ म्हणून जे धरले आहे, ते कोणाच्या हातात पडते? आमचा एक साचेवाला म्हणाला, “आण्णा, एवढं विचारलं तर एजंट म्हणंल, बोट विकत घ्यायला आलाय काय?” मी म्हटले, म्हणू दे.

एजंटांनी तीन प्रश्नांची उत्तरे दिली. उरलेल्या दोन प्रश्नांना एक म्हणाला, असे आजवर कोणी विचारले नव्हते; दुसऱ्याने फोन उचलणे बंद केले. मंडळींनी उत्तर देणाऱ्याकडे पैसे भरले. माणशी काही रुपये जास्त पडले, त्यावरून बायकामंडळींत थोडी कुरबुर झाली, हेही सांगितले पाहिजे.

परत आल्यावर तोच साचेवाला घरी आला. म्हणाला, “जेवान लई भारी हुतं. पर वाढणारा पोरगा चिपळूणकडचा निघाला. सात महिनं झालं म्हणाला, आईचं तोंड बघितलं न्हाई. मी त्याला युनियनचं विचारलं, तर इकडंतिकडं बघून गप बसला.” आणि मग थोड्या वेळाने मला विचारू लागला, “त्याचा नंबर घेऊन ठेवलाय. काय करायचं?”

त्या पोराला आम्ही पत्र लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.