वशिंड

आमच्या पट्ट्यात गाय दुधासाठी कुणी पाळत नसे. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण खिल्लार गाय दूध देते ते वासराला पाजून उरेल तेवढं, चहापुरतं. तिला दावणीला ठेवायचं ते पोटी खोंड येईल म्हणून. कालवड झाली तर घर गप्प, खोंड झालं तर गूळ वाटायचा. माणसांतलीच रीत, फक्त इथं तिच्यामागे हिशेब होता. तीन वर्षं वैरण घालून वाढवलेल्या खोंडाच्या पैशात पोरीचं लग्न निघायचं, नाहीतर विहिरीचं अर्धं काम.

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात ३१ वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. लोक ‘डॉक्टर’ म्हणायचे, मीही कधी अडवलं नाही. लहानपणी वडिलांबरोबर खरसुंडीच्या पौषातल्या यात्रेला जायचो. सिद्धनाथाचं दर्शन उरकून थेट बाजारात. खोंडांच्या रांगाच्या रांगा, कोसे, काजळी, शिंगांना तेल, पाठीवर झूल. हेडी पुढं यायचा, खोंडाचा ओठ वर करून दात बघायचा: आदत, दुसा, चौसा, जुळलेला. मग मान, खूर, शेपटाचा गोंडा, आणि शेवटी हाताची मूठ वशिंडावर. ती मूठ तिथं जरा रेंगाळली की वडील माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचे. भाव टॉवेलाखाली व्हायचा. दोघांचे हात आत, बोटं दाबून आकडे, आणि तोंडानं बोलणं भलतंच, पावसापाण्याचं. अर्ध्या तासानं टॉवेल झटकला की सौदा.

वशिंडाचं एवढं कौतुक का, ते मोट बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या मळ्यात १९६९ पर्यंत मोट होती. चामड्याची मोट विहिरीत बुडली की बैल धावेवरून उताराला खाली जायचे आणि भरलेली मोट वर यायची. नाडा ताठ झाला की जू मानेवर वशिंडाला चिकटून बसायचं आणि सगळा भार तिथं यायचा. सोंदूर सैल सुटला की मोट थारोळ्यात ओतली जायची आणि बैल उलट्या पावलांनी पुन्हा वर. हे मागं चालणं शिकवावं लागे. आमचा हरण्या आवाजावर मागं यायचा, आजोबा कासऱ्याला हातही लावत नसत. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत किती खेपा व्हायच्या ते मी कधी मोजलं नाही, पण झोपेत ऐकू यायचा तो चाकाचा कुरकुर आवाज अजून येतो.

असा बैल निसर्गानं घडवलेला नाही. खिल्लार म्हणजे कळप, आणि कळप घेऊन हिंडणारा तो खिल्लारी. जाणकार या जातीचं नातं म्हैसूरच्या हल्लीकर जनावरांशी जोडतात, आणि शिंगांचा बाक बघितला तर ते पटतं. त्याच रक्ताचे अमृतमहालचे कळप म्हैसूरच्या वडियारांनी, हैदरअलीनं आणि टिपूनं फौजेसाठी राखले. तोफ ओढायला, रसद न्यायला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा हे कळपही कंपनीच्या हातात गेले, आणि पुढं मराठ्यांशी लढताना कंपनीच्या आर्थर वेलस्ली या सेनापतीनं लिहिलेली पत्रं बैलांच्या चिंतेनं भरलेली आहेत. त्याच्या फौजेला धान्य पुरवणारे लमाण हजारो बैलांच्या पाठीवर गोणी लादून चालायचे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, आणि लमाणांच्या तांड्यांचं काम एका पिढीत संपलं. फौजेलाही पुढं ट्रक मिळाले. अमृतमहालचे उरलेसुरले कळप आज अज्जमपूरच्या सरकारी कुरणात आहेत, म्हणजे पेन्शनवर. माझ्यासारखेच.

खिल्लार मात्र वाचला, कारण तो शेतकऱ्याच्या दारात होता. आटपाडी महाल औंध संस्थानात होता आणि तिथली जनावरं दूरवर नावाजलेली. त्याच संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरानं जमीन विषारी होईल असं म्हणत लोकांनी सुरुवातीला त्याला हात लावला नाही. मग लावला, आणि तो खोल जाणारा नांगर ओढायला दोन बैल पुरेनात. चार लागले, काळ्या रानात सहा. यंत्र आलं आणि बैलाची किंमत वाढली, असं एकदा तरी झालंय. पण त्याच घरानं पंप काढले, पुढं डिझेल इंजिनं काढली, आणि आमची मोट ज्या दिवशी माळ्यावर गेली त्या दिवशी विहिरीवर जे फडफडत होतं ते तसलंच इंजिन होतं. मला राग नाही. आई त्या दिवशी पहिल्यांदा पहाटे झोपली होती.

मोट गेली तरी नांगर होता. नांगर ट्रॅक्टरनं घेतला तरी कुळव-पाभर होती, ऊसगाडी होती. आमच्या भागात बैलाला शेवटचा मोठा आधार साखर कारखान्यांनी दिला. बीडकडचे तोडकरी अजूनही टायरगाडी घेऊन येतात, आणि थळात उभी केल्यावर रात्री बैलांना उसाचं वाडं टाकतात.

आता माझा वाटा सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा संकराचे दिवस होते. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला ‘बाएफ’ ही संस्था उभी केली होती, दूध गरिबाच्या घरात जावं म्हणून, आणि ते गेलंही, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. आमच्याकडे नायट्रोजनचं भांडं, त्यात जर्सी आणि होल्स्टिनच्या वीर्याच्या कांड्या, आणि वरून महिन्याचं लक्ष्य. १९८७ मध्ये एका म्हाताऱ्याची खिल्लार गाय माजावर आली. वळू बघायला तो तीन गावं हिंडला होता, मिळाला नव्हता. मी जर्सीची कांडी भरली. तो बाजूला उभा राहून म्हणाला,

“सायेब, ह्येला वशिंड येनार न्हवं?”

“दूध येईल की आजोबा, बादलीभर.”

मी उत्तर दिलं नाही, हे त्याला कळलं. गाय व्यायली तेव्हा मुद्दाम मला बोलावून घेतलं. खोंडच होतं, तांबूस, मोठ्या डोळ्यांचं. म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि पाठीवरून शेपटापर्यंत सरळ फिरवत नेला. हात कुठंच अडला नाही. तो काही बोलला नाही, मला गुळाचा चहा दिला. तीन महिन्यांनी दुसऱ्या कामाला त्या वस्तीवर गेलो तेव्हा ते खोंड दावणीला नव्हतं. कुठं गेलं ते मी विचारलं नाही. जर्सीच्या खोंडाला ताकपाण्यावर ठेवतात आणि ते आपलं आपण जातं, हे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि कुठल्याही नोंदवहीत ते नाही.

दायमाबादचं चित्र मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका मास्तरांच्या पुस्तकात पाहिलं. १९७४ मध्ये प्रवरेकाठी या गावात झाडाचं खोड खणून काढताना काश्याची चार खेळण्यांसारखी जनावरं सापडली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, चारही मिळून साठ किलोंहून जड. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैलांनी ओढलेला रथ, त्यात उभा माणूस. मी त्या पानावर तासभर अडकलो. चौघांपैकी आज महाराष्ट्रात कोण आहे? गेंडा नाही. तो कुणाच्याच कामाचा नव्हता, शिंगाची हाव असलेले सोडले तर. रानरेडा गडचिरोलीच्या कोलामार्काकडे तेवढा टिकून आहे. बैल आणि घरची म्हैस मात्र गावोगाव. मग कामाला आलं की जगतं, असंच झालं की!

पण हत्ती हे गणित बिघडवतो. हत्तीइतकं काम कुणी केलं? युद्ध, लाकूड, मिरवणूक, सगळं. तरी माणसानं त्याची पैदास घरात केलीच नाही, रानातून धरून आणत राहिला. काम जेवढं वाढलं तेवढी रानं रिकामी झाली. आपल्याकडे दोडामार्गात हत्ती दिसतात ते २००२ मध्ये कर्नाटकातून उतरलेल्यांपासूनचे. म्हणजे नुसतं उपयोगी असून भागत नाही. तुमची वीण कुणीतरी स्वतःच्या दावणीला सांभाळावी लागते.

आणि सांभाळली तरी वाचतं कोण? १६२७ साली पोलंडमध्ये याक्तोरुफच्या रानात शेवटची रानगाय मेली, औरॉक्स म्हणतात ती. तिला राजाची राखण होती. आपल्याकडची रानजात तर त्याच्या कितीतरी आधी संपली, तिची हाडं नर्मदेच्या काठी दगड होऊन सापडतात. त्यांची लेकरं जगभर अब्जावर आहेत, आणि आई एकही नाही. ज्यांनी मान जुवाखाली दिली त्यांचा वंश वाढला, पण जू नको झालं की काय, याचा करार कुणी केला नव्हता.

तो दिवस आला हे आकड्यांतही दिसतं. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर ६ कोटी ७९ लाख होते, २०१९ मध्ये ४ कोटी ७४ लाख. त्याच सात वर्षांत माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या. गायीचं काम शिल्लक आहे, तिच्या मुलाचं नाही. आता तर अशा कांड्या निघाल्या आहेत की दहापैकी नऊ वेळा कालवडच होते. बैलाला मारायचीही गरज उरली नाही, तो जन्मालाच येत नाही.

कायद्यानं त्याला वाचवायचा प्रयत्न केला. राज्यात १९७६ च्या कायद्यानं गायीला संरक्षण होतं, २०१५ मध्ये ते बैलालाही लागू झालं. हेतूवर मी वाद घालत नाही, मी बाजार पाहिला. म्हाताऱ्या बैलाचे पैसे येऊन त्यात भर घालून शेतकरी नवा खोंड घ्यायचा. जुन्याचं गिऱ्हाईक गेलं तसं नव्याचंही गेलं. दावणीला खाणारं तोंड कायमचं राहणार म्हटल्यावर लोकांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

उरली बैलांची शर्यत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली, तेव्हा खिल्लार खोंडांचे भाव माझ्या डोळ्यांदेखत पडले. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला, आणि आदतवर पुन्हा लाखांच्या बोल्या लागल्या. शर्यतवाले म्हणतात, आम्ही जात वाचवली. अर्धं खरं आहे. चाबूक, शेपटी पिरगाळणं, हे मी मैदानावर बघितलंय आणि त्याची बाजू घेणार नाही. पण माझी तक्रार वेगळी आहे. शर्यतीला बैल लागतो तो काही सेकंदांचा. हलका, तापट, सुटला की बाण. पहाटेपासून आवाजावर मागं येणारा हरण्या तिथं पहिल्या फेरीत बाद. नाव खिल्लारच राहील, रंग कोसाच राहील, आत जनावर दुसरं असेल. शिवाय गाजलेला एक वळू सगळ्या पट्ट्याला पुरवायचा आणि बाकीच्यांचं रक्त सोडून द्यायचं, हे कुणालाही विचारा, चांगलं लक्षण नाही. आणि शर्यतीचा मान खोंडाला, त्याच्या आईला कोण विचारतो?

यंदा बेंदराला गावात गेलो होतो. कर तोडायला बैलांची एकच जोडी होती, तीही शर्यतीची, वेशीपर्यंत आणायला चार माणसं कासऱ्याला लोंबकळत होती. बाकी घरांत मातीचे बैल. मातीच्या बैलाला मात्र कुंभार अजून न विसरता वशिंड काढतो.

ज्यांच्या दावणीला अजून खिल्लार गाय आहे त्यांना माझं एक सांगणं आहे. दुधाला दुसरी गाय ठेवा, जरूर ठेवा. पण हिला एकदा तरी खिल्लारच भरवा. कांड्या आता मिळतात, दवाखान्यात मागावं लागतं इतकंच. समोरचा दुसरीच कांडी हातात घेईल, मीही घेतली होती. त्याला थांबवा.