एक तार, दोन कामे

गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर एक लहान संगणक आणि मोबाइलच्या जाळ्याशी जोडणारा मोडेम बसवला आहे, असे समजू. टाकीतल्या पातळीचे आकडे येणे अचानक थांबले, तर आपण काय समजायचे? संगणक बिघडला, की मोडेमला सिग्नल नाही? हे कळण्यासाठी संगणकाने मोडेमची सतत विचारपूस करायला हवी. या विचारपुशीची भाषा मोबाइलपेक्षा वेगळ्याच गरजेतून जन्मली.

१९८१ साली अमेरिकेत डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी सेकंदाला ३०० बिट पाठवणारा ‘स्मार्टमोडेम’ आणला. संगणकाकडून मजकूर आणि मोडेमला द्यायच्या आज्ञा एकाच तारेने येणार होत्या. मग मोडेमने त्या ओळखायच्या कशा?

फोन लागेपर्यंत मोडेम आज्ञा ऐके. आज्ञेची सुरुवात ‘एटी’, म्हणजे ‘अटेन्शन’, लक्ष दे! फोन लागला, की येईल ते अक्षर तो पुढे धाडी. मध्येच त्याला हाक मारायची, तर एक सेकंद गप्प राहायचे, ‘+++’ पाठवायचे आणि पुन्हा एक सेकंद गप्प राहायचे. तीन अधिकचिन्हे मजकुरातही येऊ शकतात. पण दोन्ही बाजूंना शांतता सहसा नसते. खरी खूण होती ती शांतता! हेज कंपनीकडे याचे पेटंट होते. काही उत्पादकांनी शांततेची अट गाळली. त्यांच्या मोडेमवर मजकुरातच ‘+++’ आणि लगेच फोन तोडण्याची आज्ञा आली, तर चालू फोन तुटू शके.

१९९० च्या दशकात जीएसएमच्या प्रमाणांमध्ये हीच भाषा वाढवली गेली. ‘एटी+सीएसक्यू’ विचारले, की मोडेम सिग्नलची ताकद ० ते ३१ मध्ये सांगतो. ९९ म्हणजे मात्र उत्तम सिग्नल नव्हे, तर ‘माहीत नाही’! ‘एटी+सीआरईजी?’ ला १ उत्तर आले तर आपल्याच जाळ्यात नोंद, २ म्हणजे शोध चालू, ३ म्हणजे नकार, ५ म्हणजे परक्या जाळ्यात नोंद. सिग्नल भरपूर आणि उत्तर ३, तर अँटेना उंच करून काय उपयोग?

पण आकडे जात असतानाच विचारपूस कशी करायची? त्यासाठी जीएसएमने एकाच तारेवर अनेक वाहिन्या कल्पिल्या. माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर वाहिनीचा क्रमांक असतो. एका वाहिनीवर आकडे, दुसरीवर प्रश्न. शांततेचे काम आता क्रमांक करतो.

दोन मुलांना फक्त टाळ्यांच्या खुणांनी निरोपही द्यायला सांगा आणि सूचनाही. ती कोणती युक्ती शोधतात, ते पाहू या.