चौकशी कोणी करायची?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी आकाशातून जळत जाणारे लोळ पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेत धातूचं एक कडं येऊन पडलं. व्यास दोन-तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या वर. आसपास धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणी करून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा, असं जाणकारांचं मत पडलं. कुणाला इजा झाली नाही. नशीब, दुसरं काय!

पण ते कडं घरावर पडलं असतं, तर चौकशी कोणी केली असती? १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार भरपाईचं बोलतो. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. पैसे मिळाले. पण 'हे का घडलं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं' हे शोधणं वेगळं काम आहे, आणि ते करणारं त्रयस्थ मंडळ त्या करारात नाही.

आमचं इस्लापूर मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं, म्हणून उदाहरण रेल्वेचंच देतो. गाडीला मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. गंमत म्हणजे हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात! ही फारकत १९४१ सालची, इंग्रजांच्या काळातली. तपासणारा माणूस ज्याला तपासायचं त्याच्याच हाताखाली नको, एवढं साधं शहाणपण त्यामागे आहे.

अवकाशाच्या बाबतीत हे शहाणपण हळूहळू आलं, तेही जीव गेल्यावर. १९६७ मध्ये अपोलो-१ च्या आगीत तीन अंतराळवीर गेले, तेव्हा नासाने आपणच चौकशी केली. १९८६ मध्ये चॅलेंजर फुटलं, सात जण गेले. या वेळी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रॉजर्स आयोग नेमला. त्यात रिचर्ड फाइनमन होते. त्यांनी सर्वांसमोर रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला : थंडीत तो लवचीक राहत नाही. उड्डाणाच्या आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते नेमकं हेच सांगत होते. त्यांचं ऐकलं गेलं नव्हतं.

१ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया गेलं, आपली कल्पना चावला गेली. चौकशी मंडळ आधी नासानेच नेमलं होतं. टीका झाली म्हणून त्याची सनद बदलून त्याला जास्त मोकळीक दिली. ॲडमिरल गेहमन यांच्या त्या मंडळाने लिहिलं की पंखावर आदळलेल्या फोमइतकीच नासाची कार्यसंस्कृतीही कारणीभूत आहे. घरच्याच माणसांच्या हातून हे वाक्य कागदावर उतरलं असतं का?

कुणी म्हणेल, रॉकेट ज्यांनी बनवलं त्यांनाच ते कळतं, बाहेरच्याला काय कळणार? खरं आहे. इस्रोचं उड्डाण फसलं की अपयशाची कारणं शोधणारी समिती इस्रोच नेमते, आणि तिथली माणसं हुशार आहेत यात शंका नाही. पण फाइनमन तरी कुठे रॉकेट बनवणारे होते? ते बनवणाऱ्यांशी बोलले. फरक इतकाच, की उत्तर कुणाला आवडेल याची त्यांना फिकीर नव्हती.

विमान अपघातांसाठी आपल्याकडे २०१२ पासून वेगळा तपास विभाग आहे. अवकाशासाठी तसा नाही. आता खासगी रॉकेटं आली, आणि गगनयानातून माणसं पाठवायची तयारी चालू आहे. असा विभाग अपघातानंतर घाईघाईने नेमण्यापेक्षा आधीच उभा केलेला बरा.