सेनापती मालकम आणि एका कराराची गोष्ट



आपल्या जिल्ह्यातील असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला, हे आपण जाणताच. आजारपणामुळे जॉन मालकम त्या दिवशी तेथे नव्हता. पण पुढे २७ फेब्रुवारी १८०४ रोजी बऱ्हाणपुरास शिंद्यांशी तह घडवून आणला तो त्यानेच. लढाई एका दिवसात संपते. तिचा हिशेब कागदावर होतो.

मालकम १७६९ साली स्कॉटलंडमधील एका ओढगस्तीच्या शेतकरी कुटुंबात जन्मला, भावंडे सतरा. १७८३ मध्ये कंपनीच्या लष्करात तो मद्रासेस उतरला, तेव्हा त्याला चौदावे वर्षही पुरे नव्हते. शाळा सुटली ती सुटलीच. फार्सी तो पलटणीत शिकला आणि त्या बळावर इराणच्या दरबारी वकील झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास होळकरांच्या तोफांवर चाल करून जाणाऱ्या फौजेच्या अग्रभागी तोच होता.

जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव असीरगडाजवळ त्याच्या स्वाधीन झाला. मालकमने अटी लिहून दिल्या : पेशव्याने राज्यावरचा हक्क सोडावा, दक्षिणेत परतू नये, कंपनीने त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालीना निदान आठ लाख रुपये द्यावेत. गव्हर्नर जनरलला रक्कम फार वाटली, तरी दिलेला शब्द त्याने पाळला.

१८२७ ते १८३० मालकम मुंबईचा गव्हर्नर होता. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, महाबळेश्वरास मालकमपेठ वसली. पेठेला गव्हर्नरचे नाव मिळाले. घाटात सुरुंग लावणाऱ्यांची आणि खडी फोडणाऱ्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. १८३३ मध्ये तो वारला.

त्याचा कागद मात्र जिवंत होता. १८५१ साली बाजीराव निवर्तला आणि दत्तक पुत्र नानासाहेबाने पेन्शन मागितली. 'कुटुंब' हा शब्द करारात आहे, असे त्याचे म्हणणे. पेन्शन बाजीरावाच्या हयातीपुरती होती, असे डलहौसीच्या सरकारचे म्हणणे. पेन्शन बंद झाली. १८५७ मध्ये कानपुरास नानासाहेब उठला, त्यामागे ही जखम होतीच.

मजुरांच्या वतीने करारावर सह्या करण्यात माझी बरीच वर्षे गेली. रकमेवर सारे तावातावाने भांडतात. मुदत किती आणि शब्दाचा अर्थ लावणार कोण, हे विचारायचे राहून जाते. तेथे बाजीराव फसला. मालकम मला लबाड वाटत नाही. त्याने उदारपणेच दिले. परंतु देणाऱ्याचा उदारपणा त्याच्याबरोबर जातो आणि मागे कलम उरते. म्हणून सहीपूर्वी कलम वाचावे, आणि वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावे.