जहाजाचं बूड आणि मुंबईची गोदी

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे. वाकोल्यात मीही तेच घोकलं. पण हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं जहाजाच्या बुडाशी सापडतं.

समुद्रात लाकूड बुडवून ठेवा. आधी बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग कालवं आणि बार्नेकलसारखे कवचवाले जीव. उबदार पाण्यात तर हे सगळं भराभर वाढतं. बूड खरखरीत झालं की पाण्याचं घर्षण वाढतं. कवचांचा जाड थर असेल तर आजच्या युद्धनौकेलाही तोच वेग राखायला दीडपटीहून जास्त शक्ती लागू शकते. शिडाच्या जहाजाला वाढीव शक्ती आणणार कुठून? वारा आहे तेवढाच. म्हणजे वेग थेट पडणार.

उपाय एकच, बूड घासणं. छोटं जहाज ओहोटीला किनाऱ्यावर कलंडवता येतं. मोठ्याला सुकी गोदी हवी. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी जाऊ द्यायचं, दरवाजा बंद. मराठ्यांनी विजयदुर्गाजवळ, वाघोटण खाडीत, खडक फोडून गोदी केली होती.

मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे फुकटचा पंपच! लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून इथे जहाजं बांधायला आले. १७५० मध्ये पहिली सुकी गोदी झाली, १७६५ पर्यंत तीन.

याचा फायदा कळला १७८२ मध्ये. फ्रेंच नौसेनानी सफ्रां आणि इंग्रज ॲडमिरल ह्यूज आपल्या पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेजवळ झुंजत होते. सफ्रांच्या काही जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे होते, काहींना नव्हते. तांबं हळूहळू विरघळतं आणि जीवांना चिकटू देत नाही. त्यामुळे पत्रेवाली जहाजं पुढे, बाकीची मागे. असा ताफा एकत्र लढवायचा कसा?

वर्षअखेरीस ह्यूज डागडुजीसाठी मुंबईला आला. सफ्रांकडे आपल्या किनाऱ्यावर एकही सुकी गोदी नव्हती. तो सुमात्रातल्या आचेला गेला. दोघांत एकूण पाच लढाया झाल्या, निर्णायक एकही नाही. पण या समुद्रात आरमार वर्षानुवर्षं टिकवायची सोय इंग्रजांकडे होती, आणि ती मुंबईत होती.

त्या जुन्या गोद्या आज लायन गेटच्या आत, नौदलाच्या ताब्यात आहेत. लढाई मात्र संपलेली नाही. आता ती रंगाने लढतात. बुडाला जीव चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगांवर आपल्या अंबरनाथमध्ये, नौदलासाठीच्या प्रयोगशाळेत काम चालतं.

तर मंडळी, बंदर निसर्ग देतो. गोदी माणसांना खणावी लागते. भेटू पुढच्या भागात!